चालत जाता येईल असं घर

देश सोडायचं ठरवणं आमच्या घरी तितकं अवघड गेलं नाही. कुठं जायचं, हे ठरवताना मात्र वाद, हिशेब, रुसवेफुगवे सगळं झालं. नवरा नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत होता, मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. लेक चौथीत, मुलगा बालवाडीत, आणि सासूबाई. आईंनी तेव्हा पासष्टी ओलांडलेली, रक्तात साखर, गुडघे दुखरे, आणि नवरा एकुलता एक. म्हणजे जाणारे आम्ही पाच, पण जगातला जवळजवळ प्रत्येक देश आम्हाला चारच मोजत होता.

स्थलांतराच्या अर्जात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. आईवडिलांसाठी वेगळा दरवाजा आणि वेगळी रांग. पगार किती, घरं केवढ्याची, नागरिकत्व कधी, एवढंच बघून लोक देश ठरवतात, आणि आईवडिलांचा प्रश्न ‘जाऊन तर बघू, मग पाहू’ म्हणून बाजूला ठेवतात. आमच्या नात्यातच अशी दोन घरं आहेत. मुलं तिकडं आणि आईबाबा इकडं बंद फ्लॅटमध्ये, देखभालीला पगारी बाई. ते चुकले असं मी म्हणत नाही, प्रत्येकाची अडचण वेगळी. पण आपल्याकडे हा प्रश्न पहिला येईल, शेवटचा नाही, एवढं मी आणि नवऱ्याने पक्कं केलं होतं.

त्या एका अटीने यादी भराभर आटली. अमेरिकेत कंपनी पाठवायला तयार होती, पण ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला दरवर्षी ७ टक्क्यांपेक्षा जास्त जात नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब की लेक २१ वर्षांची होऊन आमच्या अर्जातून बाहेर पडण्याची भीती होती. ऑस्ट्रेलिया नवऱ्याच्या मनात फार होता. तिथं आईवडिलांच्या साध्या कायम व्हिसाची रांग सुमारे तीस वर्षांची. तात्पुरता व्हिसा मिळतो, पण पाच वर्षांसाठीचं शुल्कच दहा हजार डॉलरच्या वर. जर्मनीत तेव्हा आईवडिलांना आणायची सोय अपवादात्मक परिस्थितीतच होती. कुशल कामगारांसाठी तो नियम मार्च २०२४ पासून सैल झाला, पण आमचा निर्णय त्याआधीचा. शिवाय बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वेगवेगळ्या प्रकारच्या शाळा ठरतात. आमची लेक जर्मनचा एक शब्द न येता नेमकी त्या वळणावर जाऊन उभी राहिली असती. तिच्यावर हा भार टाकायला माझं मन तयार होईना.

कॅनडाचं पारडं जड झालं ते जुलै २०२२ मध्ये. तिथं आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, २०११ च्या अखेरीस सुरू झालेला. आधी एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, ४ जुलै २०२२ पासून ती मुदत पाच वर्षांची झाली. अटी आहेतच. मुलाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर हवं आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाला हा विमा महाग पडतो, आणि आजार काही महिने ‘स्थिर’ असल्याशिवाय त्याचा खर्च मिळत नाही. तरीही दरवाजा उघडा होता. त्याच आठवड्यात, दीड वर्षाच्या खंडानंतर, आमच्यासारख्या बाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीच्या सोडतीही पुन्हा सुरू झाल्या. विद्यापीठातून मोहोरबंद लिफाफ्यात गुणपत्रकं पडताळणीसाठी रवाना झाली, दोघांनी इंग्रजीची परीक्षा दिली, आणि तिशीनंतर दर वर्षी घटत जाणारे वयाचे गुण आणखी घटायच्या आत प्रोफाइल भरून टाकली.

देश ठरला, पण कॅनडा म्हणजे काही एक गाव नव्हे. जो तो टोरोंटो सांगायचा. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, आपली माणसं, मराठी मंडळ, गणपती, सगळं तिथं. तिथली भाडी आणि घर ते ऑफिस हे अंतर पाहिल्यावर आमचा जीव दडपला. व्हँकुव्हरचा हिवाळा सौम्य, पण महिनोन्‌महिने पाऊस आणि ढग. आईंना ऊन हवंच. ४५ अंशांतसुद्धा सकाळी गच्चीवर उन्हात बसून वाती वळणारी ती बाई, दिवसभर दिवे लावून घरात कशी बसेल? कॅल्गरीत थंडी उणे ३० पर्यंत जाते, पण कॅनडातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात जास्त ऊन तिथलं. मधूनच रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उबदार वारा येतो आणि काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी वर चढतो. शिवाय आल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही. प्रोफाइलमध्ये आम्ही आल्बर्टाला पसंती दिली, प्रांताकडून पत्र आलं, आणि नामांकनाचे ६०० गुण मिळाल्यावर बाकीचं वेळच्या वेळी होत गेलं.

खरा निर्णय यापुढचा होता, आणि तो आम्ही रामनगरच्या रस्त्यावर घेतला.

आमचं घर राम मंदिरापासून जवळ. आईंचा दिवस पायी चालायचा. सकाळी मंदिर, तिथून गोकुळपेठेचा बाजार, संध्याकाळी भजनाच्या बायका. त्यांना परदेशात नेऊन चार भिंतींत बसवायचं नसेल, तर त्यांना पायी काय काय लागतं हे आधी नीट कळायला हवं, असं मला वाटलं. मी त्यांच्याबरोबर बाजाराला जायला लागले, त्यांच्या चालीनं. मंदिरापासून थोडं पुढं त्या औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर टेकतात, दुकानदाराशी दोन शब्द बोलतात. भाजीची पिशवी भरली की येताना आणखी एकदा बसतात. रस्ता ओलांडताना माझा हात धरत नाहीत, दुसऱ्या कुणी ओलांडायला येईस्तोवर थांबतात आणि त्याच्यासोबत जातात. मी त्याच घरात इतकी वर्षं राहत होते, पण त्यांचं चालणं दर दोन-तीनशे पावलांवरच्या बसण्याच्या जागेवर आणि बोलायला मिळणाऱ्या माणसावर टिकून आहे, हे मला तेव्हा दिसलं.

मग रात्री मुलं झोपली की मी गूगलच्या रस्तादर्शनात कॅल्गरीच्या गल्ल्या फिरायची. वायव्येला सुंदर वस्त्या होत्या, टेकड्या, नावाजलेल्या शाळा. फ्रेझर इन्स्टिट्यूट शाळांची क्रमवारी काढतं, नवरा ती उघडून बसायचा. दक्षिणेला नवी कोरी घरं, तळी, सायकलींचे मार्ग. पण दुकान गाडीच्या अंतरावर, बस अर्ध्या तासाने, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी बाक शोधायची, थांब्याला आडोसा आहे का ते बघायची. ही चित्रं बहुतेक उन्हाळ्यातली असतात, बर्फ त्यांत दिसतच नाही, म्हणून जानेवारीतले व्हिडिओ वेगळे शोधून पाहिले. बर्फ थांबल्यावर २४ तासांत घरासमोरचा पदपथ साफ करणं तिथल्या घरमालकावर बंधनकारक आहे, हे वाचलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं!

शोधत शोधत मी ईशान्येला आले. सॅडलटाउन, मार्टिनडेल, टॅराडेल. तिथं पदपथावर माणसं होती. पगडी घातलेले आजोबा, सलवार-कमीझमधल्या आज्या, बाबागाड्या. सी-ट्रेन या शहरी रेल्वेच्या निळ्या मार्गाचं शेवटचं स्थानक सॅडलटाउन, गावाच्या मध्यात जायला साधारण अर्धा तास. स्थानकालगत बाजार, चालत जाण्याच्या अंतरावर जेनेसिस सेंटर, त्याच इमारतीत सार्वजनिक वाचनालय. मार्टिनडेलला मोठा गुरुद्वारा. पीटर लॉहीड हे मोठं रुग्णालयही शहराच्या त्याच भागात.

आणि तिथली बोलायची भाषा पंजाबी आणि हिंदी. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आमच्याकडे भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजाऱ्याशी हिंदी बोलताना कुणालाच काही वेगळं वाटत नाही. आई चौथी शिकलेल्या, इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण त्यांची हिंदी अस्खलित. इंग्रजी शिकायची सक्ती न करता त्यांना जिथं पहिल्या दिवसापासून माणसांत बसता येईल, अशी ती जागा होती.

ओळखीपाळखीत हे कुणालाच पटलं नाही. “इतक्या दूर जाऊन पंजाब्यांच्याच मोहल्ल्यात राहायचं, तर इथं काय वाईट होतं?” नवऱ्याच्या मित्राने तर त्या भागातल्या शाळांचे आकडे पाठवले. मला या बोलण्याचा राग यायचा, अजूनही येतो. मुलं शाळेत इंग्रजी शिकतातच, नवऱ्याला ऑफिसात सगळ्या जगाची माणसं भेटतात. दिवसाचे आठ-नऊ तास घरी एकटं राहणारं माणूस एकच आहे, आणि गाव निवडताना त्याचं मत शेवटी विचारायचं? सगळ्यात कमी पर्याय ज्याच्याकडे, त्याच्या सोयीची वस्ती निवडावी. ज्याच्याकडे गाडी आणि भाषा दोन्ही आहे, तो कुठूनही कुठंही जातो.

आईंना मी लॅपटॉपवर ती गल्ली दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे सारे लोक कुठं जाऊन राहिले?” मी म्हटलं, गुरुद्वाऱ्यात जात असतील. “मंग ठीक हाय,” म्हणाल्या, “देवाच्या दारी जाणारे लोक हायत.”

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही चौघं आलो, आई मागाहून येणार होत्या. सॅडलटाउनजवळच एका घराचा वरचा भाग भाड्याने मिळाला, तळघरात दुसरं कुटुंब. निवडीची किंमतही मोजावी लागली. वस्ती दाट, जवळची शाळा भरलेली, म्हणून लेकीला बसने लांबच्या शाळेत जावं लागतं. घरही जुनं. जानेवारी २०२४ मध्ये उणे तिशीच्या खाली पारा गेला, आणि १३ तारखेच्या संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. विजेचा साठा अपुरा पडतोय, दिवे कमी करा, असा सरकारचा इशारा. हीटर बंद पडला तर दोन मुलांना घेऊन कुठं जायचं, या विचाराने मी त्या रात्री जागी होते. आई तिथं नव्हत्या, याचं बरं वाटलं.

त्या आल्या जुलैमध्ये. पहिल्या आठवड्यात मी सोबत जात होते, मग त्या एकट्या जेनेसिस सेंटरला जायला लागल्या. तिथं सकाळी वयस्कर मंडळी आतल्या आत फेऱ्या मारतात, मग बाकांवर बसतात. जालंधरकडची एक आजी त्यांची मैत्रीण झाली. त्या एकमेकींना लोणच्याची कृती सांगतात, सुनांबद्दलही बोलत असतील. ५ ऑगस्टला ईशान्य कॅल्गरीवर भयंकर गारपीट झाली. घरांच्या बाहेरचे प्लास्टिकचे पत्रे चाळण झाले, गाड्यांच्या काचा गेल्या. मी दाराआड थरथरत होते. आईंचं माहेर काटोलकडचं, संत्र्याचा आंबिया बहार गारांनी झोडपलेला त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. त्यांनी मुलांना खिडकीपासून ओढून मधल्या पॅसेजमध्ये नेलं, पांघरूण टाकलं आणि गार थांबेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पंजाबी घरी स्वतःहून चौकशीला गेल्या. त्या घराशी आमचं जाणंयेणं तिथून सुरू झालं.

पाच वर्षं राहता येत असलं तरी त्या पाच वर्षं सलग राहणार नाहीत, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. ऑक्टोबरअखेर नागपूर, उन्हाळ्याला कॅल्गरी. रामनगरचं घर त्यांनी विकू दिलं नाही, आणि ते बरोबर होतं. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेबारा तासांचा, त्यामुळे मी रात्रीची भांडी आवरते तेव्हा त्या मंदिरातून परतलेल्या असतात. रोज बोलणं होतं.

आता घर विकत घ्यायचं चाललंय. एजंट दक्षिणेची घरं दाखवतो, त्याच पैशात मोठी आणि नवी. आम्ही त्याला दोन अटी सांगितल्या आहेत. सी-ट्रेनचं स्थानक चालत गाठता यावं, आणि तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि न्हाणीघर हवं. इथल्या घरांत खोल्या बहुधा वरच्या मजल्यावर असतात, आईंच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नाही. ईशान्येकडे बरीच कुटुंबं आईवडिलांसह राहतात, म्हणून तिथले काही बिल्डर खाली अशी खोली काढून देतात, पण अशी घरं बाजारात आली की लगेच जातात. मागच्या आठवड्यात टॅराडेलमधलं एक हातचं गेलं. शनिवारी आणखी दोन बघायला जायचंय, आणि आईंनी सांगून ठेवलंय की खालच्या खोलीत सकाळी ऊन येतं का, ते व्हिडिओ कॉलवर त्यांना आधी दाखवायचं.