पियाजेच्या पायऱ्या आणि माझा धाकटा भाऊ

ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने अगदी लहान मुलांच्या बुद्धीविषयी जे लिहिले, त्याचा फार मोठा आधार म्हणजे त्याची स्वतःची तीन मुले. पाळण्यातले मूल लपवलेली वस्तू शोधते की नाही, याच्या नोंदी हा गृहस्थ पोटच्या पोरांवर करत होता. बापाने मुलांकडे असे पाहावे का, यावर पुष्कळ वाद घालता येईल. मात्र थोरल्या बहिणीने धाकट्या भावाकडे असे पाहावे का, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. बहिणीला आईचा अधिकार नसतो आणि संशोधकाची अलिप्तताही परवडत नाही.

माझा भाऊ माझ्याहून तेरा वर्षांनी धाकटा. मी पुण्यात बी. ए.ला मानसशास्त्र शिकत होते, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. म्हणजे पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण सायंकाळी घरीच भेटे. पियाजेचा तो प्रसिद्ध प्रयोग मी ताकावर केला. दोन सारख्या वाट्यांत सारखे ताक, मग एका वाटीतले उंच पेल्यात ओतायचे आणि विचारायचे, आता कशात जास्त? पेल्यात, असे तो म्हणाला. पुस्तकात होते तसेच. पण थोड्या वेळाने त्याने आपणहून खुलासा केला : "ताई, तू परत विचारलंस ना, म्हणून मी उत्तर बदललं."

हे ऐकून मी थक्क झाले, कारण नेमका हाच आक्षेप १९७० च्या दशकात पियाजेवर घेतला गेला होता. तोच प्रश्न मोठ्या माणसाने दुसऱ्यांदा विचारला, की पहिले उत्तर चुकले असे मूल समजते. एकदाच विचारले तर मुले अधिक बरोबर उत्तरे देतात, असे प्रयोगांत आढळले. मार्गारेट डोनाल्डसन यांचे १९७८ चे पुस्तक याच दिशेने जाते. मूल तर्कात कमी पडत नसते. ते समोरच्या माणसाचा हेतू वाचत असते. मराठी घरातले मूल तर हे फार लवकर शिकते. "अजून पोळी हवी का?" याचा स्वर ऐकूनच त्याला उत्तर ठरवायचे असते.

खरी कसोटी पुढच्या वर्षी आली. भाऊ दुसरीत गेला आणि संख्यांमध्ये अडखळू लागला. त्रेपन्न सांगितले की ३५ लिही. एकोणपन्नास म्हटले की ५९. वहीवर लाल शेरे वाढले, 'मागे पडतो आहे' असा निरोप घरी आला आणि एके दिवशी तो स्वतःच म्हणाला, "मला गणित येत नाही." एरिक्सनच्या मांडणीत या वयाचा झगडा उद्यमशीलता आणि न्यूनभाव यांच्यातला आहे. मूल काहीतरी करून दाखवू पाहते, आणि ते जमले नाही तर 'आपण कमी आहोत' हे मनात घर करते. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडचे ते वाक्य मला म्हणूनच भयंकर वाटले.

पण तो मागे होता का? त्रेपन्न या शब्दात तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी, तीन नंतर. ऐकले तसे त्याने लिहिले. एकोणपन्नासात तर एक वजा करायचा, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कन्नड किंवा तमिळ मुलाला हा अडथळा नाही. तिथे दशक आधी येते. म्हणजे अडचण बुद्धीच्या पायरीची नव्हतीच, ती भाषेची होती. मुलाचा विचार भाषेतून आणि भोवतालच्या माणसांतून घडतो, असे म्हणणारा व्हिगॉट्स्की (१८९६-१९३४) मला त्या वर्षी पियाजेपेक्षा जवळचा वाटला.

योगायोग असा, की त्याच जूनमध्ये, २०१९ साली, बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी संख्यानामे आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (त्या २०२३ मध्ये गेल्या) शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरांची नावे मुलांना जड जातात आणि जुनी नावे काढलेली नाहीत. त्यांचे किती जणांनी ऐकून घेतले कोण जाणे. आमच्या घरातही दोन पक्ष पडले. आजीला ही मराठीची विटंबना वाटली. पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत असणाऱ्या पिढीचे ते दुःख होते, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मी मात्र नव्या पुस्तकाच्या बाजूची होते आणि आजही आहे.

तोडगा निघाला सापशिडीवर. आजीचा नियम असा, की सोंगटी ज्या घरात जाईल त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. भाऊ म्हणे "पन्नास तीन", आजी म्हणे "त्रेपन्न", आणि दोघांचे बोट एकाच घरावर. दिवाळीपर्यंत त्याची दोन्ही नावे पक्की झाली. मूल एकट्याने जिथे पोचत नाही, पण जाणत्याचा हात धरून पोचते, त्या प्रदेशाला व्हिगॉट्स्कीने लांबलचक नाव दिले आहे. आजीने त्याचे नावही ऐकले नव्हते. तिचा सिद्धान्त जुन्या सुभाषितातला : पाच वर्षे लाड, दहा वर्षे धाक, सोळाव्या वर्षी मैत्री. मला या सुभाषितातली एक गोष्ट लक्षणीय वाटते. त्यातल्या पायऱ्या मुलाच्या नाहीतच, त्या आईबापांच्या आहेत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि जवळजवळ दोन वर्षे तो मोबाइलच्या पडद्यासमोर शिकला. सवंगड्यांत वाढण्याची ही वर्षे घरात गेली, तर काय होते? कोणत्याही तक्त्यात याचा रकाना नाही. पाचवीत गेल्यावर कित्येक महिने तो वर्गात फारसा बोलत नसे, एवढे मला दिसले. त्याला अवस्था म्हणायचे की आघात, हे मी ठरवलेले नाही.

आता त्याला चौदावे चालू आहे. 'समजा असे झाले तर' या धर्तीचे प्रश्न तो आईला विचारून भंडावतो. पियाजेची शेवटची पायरी हीच. एरिक्सनच्या मते ही स्व-ओळखीच्या शोधाची सुरुवात. फक्त एरिक्सनच्या किशोराला बंद करायला स्वतःच्या खोलीचे दार असावे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्याला त्यासाठी गच्चीवर जावे लागते. मी काय लिहिते हे त्याला ठाऊक आहे. हा लेख त्याने वाचला, ताकाचा प्रसंग राहू दिला आणि एक वाक्य काढायला लावले. ते मी काढले आहे.

गणित तो सेमी-इंग्रजीत शिकतो. परवा आजीने मेथीच्या जुडीचा भाव विचारला, तर म्हणाला, "थर्टी फाइव्ह." आजी गप्प राहिली. मग त्यानेच पिशवी ठेवता ठेवता सांगितले, "पस्तीस गं. तीस पाच."