शंभर पानांची खानावळ

स्वतःचं घर, स्वतःची विहीर आणि स्वतःचा सर्व्हर या तीन गोष्टी माणसाने हौसेने कराव्यात आणि जन्मभर निस्तराव्यात. पहिल्या दोन मला परवडल्या नाहीत. म्हणून निवृत्तीनंतर मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर 'मास्टोडॉन' बसवलं आणि ४० नातेवाइकांना त्यावर नांदायला आणलं. परक्या कंपनीचा ताबा नको, जाहिराती नकोत, आपले आपण!

सर्व्हर रेंगाळला की मी सेटिंगमधले थ्रेड वाढवी. पुन्हा रेंगाळला की पुन्हा वाढवी. शेवटी नानांच्या वर्षश्राद्धाला सगळं कुटुंब एकदम आठवणी लिहायला बसलं आणि सर्व्हरने हात वर केले. माईमावशीने आपल्या यजमानांबद्दल थरथरत्या बोटाने अर्धा तास खपून लिहिलेलं गडप झालं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे बाळ. काय लिहिलं होतं, ते आता मलाही आठवत नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस म्हणजे एक खानावळ. दर जोडणीला वेगळी प्रोसेस, म्हणजे दर पानामागे स्वतंत्र वाढपी. मुळात पानं १००. त्यातली ३ मालकासाठी राखीव. आणि मी वाढवलेला एकेक थ्रेड एकेक पान अडवून बसलेला. बहुतेक जण न जेवता!

"मग दारात एखादा खमक्या माणूस उभा करा," बायको म्हणाली. तिच्या आईची खानावळ होती. हा विषय तिला माझ्याआधी कळला.

असा माणूस निघाला. नाव 'पीजीबाउन्सर'. पोस्टग्रेस ५४३२ नंबरच्या दारात, हा ६४३२ च्या. आत मोजकी २० पानं मांडायची आणि आल्यागेल्याला तीच फिरवायची. पण त्याची मूळची पद्धत 'सेशन'. गिऱ्हाईक हात धुऊन पेपर वाचत बसलं तरी उठवायचं नाही. मी ती 'ट्रान्झॅक्शन' केली. एक व्यवहार संपला, की पान दुसऱ्याला.

तरी एररची रांग! मास्टोडॉनला एक खोड होती. एकदा ऑर्डर दिली, की पुढे नुसतं "नेहमीचं." आता वाढपी दर वेळी नवा, त्याला काय ठाऊक नेहमीचं म्हणजे काय? २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून बाउन्सर हे लक्षात ठेवायला शिकला आहे. माझा त्याहून जुना. म्हणून मी 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स' बंद केली, फाजील थ्रेड उतरवले आणि पहाटे चारला सर्व्हर पळू लागला.

सकाळी मावशीला फोन केला, "आता लिही."

संध्याकाळी दोनच ओळी आल्या : 'नाना पंगतीत शेवटी बसायचे आणि सगळ्यांच्या आधी उठायचे. म्हणायचे, मागे माणसं उभी आहेत.'

बायकोने त्या दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "बघा. नानांना हे कुणी कॉन्फिगर करून द्यावं लागलं नव्हतं."