बाजार सांभाळणाऱ्या बायका



कंबोडियाहून आल्यापासून जी भेटते तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिथे जेवलात काय?" आधी तेच सांगून टाकते. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ, मूगडाळ आणि छोटा राइस कुकर असं सामान नेलं होतं. तिथे भाजीतसुद्धा माशाचा अर्क घालतात, नाहीतर 'प्राहोक' नावाची मुरवलेली मासळी. त्यामुळे 'व्हेज' एवढं सांगून भागत नाही. सियाम रीप शहरात भारतीय हॉटेलं आहेत, पण कांदा-लसूण-बटाटा का नको हे समजावण्यापेक्षा खोलीवर खिचडी लावणं मला सोपं वाटलं. फळं आणि शहाळी भरपूर. बांते स्रेई देवळाच्या वाटेवर बायका ताडाचा रस कढईत आटवून गूळ करत बसलेल्या असतात. तो गूळ दशमीशी असा काही लागतो म्हणून सांगू! नोव्हेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही पाचलाच जेवून मोकळे व्हायचो आणि मग नदीकाठचे दिवे बघत हिंडायचो. नियमही पाळला गेला आणि रात्रीचं शहरही बघून झालं.

आम्ही तिघं होतो, आमचे हे, मी आणि सूनबाई. मुलाला दुकान सोडता आलं नाही.

अंगकोर वाट राजा दुसरा सूर्यवर्मन याने 12 व्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं. पुढे तिथे बुद्धाची पूजा सुरू झाली. पहाटेचा सूर्योदय बघायला एवढी गर्दी असते की सूर्यापेक्षा लोकांचे मोबाइलच जास्त दिसतात. मला ओढून घेतलं ते ओवऱ्यांच्या भिंतींनी. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला असुर, सगळे वासुकीला धरून रांगेत. दक्षिणेकडच्या ओवरीत यम, चित्रगुप्त, 37 स्वर्ग आणि 32 नरक आहेत. कोणत्या पापाला कोणता नरक, ते शेजारी कोरून ठेवलंय. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, हा चित्रगुप्तही आपल्यासारखा अकाउंट्सवालाच." हसू आवरेना. आपल्याकडे जमाखर्च लिहायला असा वेगळा कारकून नाही, ज्याचं त्यानेच बांधायचं आणि ज्याचं त्यानेच फेडायचं, हे तिला मी तिथेच पायरीवर बसून सांगितलं.

दुपारच्या उन्हात शहरातल्या संग्रहालयात गेलो. तिथे नागफणेखाली ध्यानाला बसलेल्या मूर्ती आहेत. आपल्या डोळ्यांना पार्श्वनाथ भगवानांशिवाय दुसरं काय आठवणार? मूर्ती बुद्धाची, वर फणा मुचलिंद नागाचा. तिथेही पाऊस आहे, आणि ध्यानस्थ साधकावर फणा धरणारा नाग आहे. कमठाचा उपसर्ग आणि धरणेंद्र, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या बाईचे पाय त्या दालनातून लवकर निघत नाहीत. हे बाहेर जाऊन चहा पिऊन आले तरी मी तिथेच.

ता प्रोह्म म्हणजे झाडांच्या मुळांनी विळखा घातलेलं देऊळ. सातव्या जयवर्मनने 1186 साली ते आपल्या आईसाठी उभारलं. आईला त्याने प्रज्ञापारमितेच्या रूपात बसवलं. दुरुस्तीच्या कामात आपलं भारतीय पुरातत्त्व खातंही आहे. सगळे मुळांशी फोटो काढतात. मला मात्र तिथल्या संस्कृत शिलालेखाचं वेड लागलं, कारण तो अर्धा हिशेबच आहे. आवारात राहणारी माणसं 12,640. देवळासाठी राबणारी 79,365. नर्तकी 615, मोती 40,620, रेशमी बिछाने 512. राज्यातल्या 102 आरोग्यशाळांचा उल्लेखही त्यातच. राजाचं कौतुक नंतर, मला आधी ही यादी करणाऱ्याचं कौतुक वाटलं. एवढ्यांचं धान्य मोजून घेतलं असेल, उतरवून ठेवलं असेल, कुठे घट आली ते पाहिलं असेल. हॉटेलवर येऊन मी सगळे आकडे वहीत लिहून काढले.

बायोन देवळावरचे मोठाले हसरे चेहरे तुम्ही चित्रात पाहिले असतील. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर साधीसुधी माणसं आहेत. कुणी स्वयंपाक करतंय, कुणी मासे धरतंय आणि बाजारात बायका माल मांडून बसल्यात. झोउ दागुआन नावाचा चिनी माणूस 1296-97 मध्ये इथे राहून गेला. त्याने लिहून ठेवलंय की या देशात व्यापार बायका करतात, जमिनीवर चटई अंथरून बसतात आणि बाजार दुपारपर्यंत चालतो.

आजही सियाम रीपच्या जुन्या बाजारात तेच दृश्य. भाजी, कापड, चांदीच्या डब्या, सगळीकडे बायका. माझ्याच वयाच्या एकीकडून 'क्रमा' घेतला, म्हणजे चौकडीचा सुती पंचा. भाव डॉलरमध्ये, सुट्टे रिएलमध्ये, एका डॉलरला साधारण 4,000 रिएल. तिने कॅल्क्युलेटरला हात न लावता हिशेब केला. मीही मनात केला. दोघींचा जुळला. ती खुदकन हसली आणि एक केळं हातात ठेवलं.

मी 1981 ची बी.कॉम. दुकानाच्या वह्या चाळीस वर्षं मीच लिहिते, पण घरी, स्वयंपाक आटोपल्यावर. गल्ल्यावर कधी बसले नाही, कारण आमच्याकडे बायका बसत नाहीत. दिवाळीला वहीपूजन करतात हे, मी निरांजन देते. सूनबाई एम.कॉम. आहे. लग्न ठरलं तेव्हा बँकेतली नोकरी सोडून आली.

परतीच्या विमानात मी यांना म्हटलं, "नव्या वर्षापासून ती दुकानात बसेल."

"लोक काय म्हणतील?"

"लोक भाव विचारतील."

हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बघू."

मुलाशी बोलणं झालं. त्याची ना नाही, पण बाबांनी हो म्हणावं, एवढंच त्याचं म्हणणं. सूनबाईने स्वतः काही विचारलेलं नाही. फक्त परवा ता प्रोह्मच्या आकड्यांची माझी वही मागून घेतली. 1 एप्रिलची कोरी खातेवही मी आणून ठेवली आहे. यांच्या टेबलावर, चष्म्याशेजारीच.