भूल देणारा डॉक्टर सुई मारून जात नाही

राबात रोप तयार आहे, पाऊस थांबून थांबून पडतोय, त्याचं उद्या लिहितो. आज दुसरं.

चुलतभावाचं लिव्हर बदललं. त्याच्या पोरानेच आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. गावात जो तो सर्जनचं नाव विचारतो, भूल देणाऱ्याचं कोणी नाही. आपल्याला वाटतं सुई मारली, झोपवलं, संपलं. पण तो माणूस शेवटपर्यंत पेशंटच्या उशाशी असतो.

भूलतज्ज्ञ मॅडमनी समजावलं ते सांगतो. जुनं लिव्हर काढल्यापासून नवं जोडेपर्यंत माणूस बिनलिव्हरचा. साखर सांभाळणं, रक्त गोठवणारे घटक बनवणं, औषधं मोडणं, सगळं बंद. बाहेरून दिलेल्या रक्तातलं सायट्रेट मोडायला लिव्हर नसतं, ते कॅल्शियम धरून बसतं, हृदयाचा जोर कमी होतो. म्हणून सारखं रक्त तपासायचं आणि कमी पडेल ते मोजून द्यायचं.

खरी कसोटी नव्या लिव्हरात रक्त सोडतात तेव्हा. त्यातलं थंड, पोटॅशियम मिसळलेलं रक्त एकदम हृदयाकडे जातं. बीपी धाडकन पडू शकतं, हृदय थांबूही शकतं. आपलं लावणीचं रोप चार दिवस मान टाकून मग धरतं. इथे मिनिटांचा हिशोब. १९६३ साली डेन्व्हरला स्टार्झल डॉक्टरांनी जगातलं पहिलं लिव्हर बदललं, ते लेकरू रक्त जाऊन टेबलावरच गेलं. भारतात यश आलं १९९८ ला.

मला जास्त धास्ती पोराची होती. धडधाकट माणूस स्वतःहून टेबलावर झोपतो. उरलेलं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं भरून येतं म्हणतात, पण जोखीम ती जोखीमच.

आता फवारणी करणाऱ्यांनी नीट वाचा. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारख्या औषधांनी रक्तातलं कोलिनएस्टरेज कमी होतं. भूल देताना स्नायू सैल करायचं एक इंजेक्शन, सक्सिनिलकोलिन, त्यावरच मोडतं. ते कमी असलं तर असर लांबतो, श्वास मशीनवर जास्त वेळ ठेवावा लागतो. हे कुठल्याही ऑपरेशनला लागू, अपेंडिक्स असो की हर्निया. तेव्हा तंबाखू, दारू, झाडपाला यांच्याबरोबर फवारा कधी मारला तेही सांगा, बाटलीचा फोटो दाखवा. पोराने आधी कारल्यावर मारलं होतं, त्याने सांगितलं, मॅडमनी लिहून घेतलं.

दोघे घरी आलेत. वजन उचलायला मनाई आहे, त्यामुळे त्यांची लावणी यंदा आमच्याच माणसांवर.