बीम, ट्रक आणि मी

बेंकलमन बीमवर माझा जीव होता. थोडा अजूनही आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत निघालेलं हे साधन. मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेला ट्रक, ३.६६ मीटर लांबीची दांडी, तिचं टोक जोडचाकांच्या फटीत. ट्रक पुढे गेला की दबलेला रस्ता वर येतो आणि डायल गेजचा काटा फिरतो. वीज नको, लॅपटॉप नको. म्हणून ट्रेलरवरून एफडब्ल्यूडी (फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर) आलं, तेव्हा ‘बड्या सल्लागारांचं खेळणं’ म्हणून मी ते उडवून लावलं. वजन आपटायचं आणि रस्ता किती दबला ते बघायचं, यात नवं ते काय?

अचूकतेच्या गप्पांनी माझं मत बदललं नाही. बदललं ते भाराखाली रस्त्यात पडणाऱ्या खळग्याच्या आकारानं. रस्ता चाकाखाली किती दबला एवढंच बीम सांगतो. कोणत्या थरापायी दबला, ते नाही. काळ्या मातीवर हे महागात पडतं. पावसाळा सरता सरता माती मऊ, आकडा मोठा, आणि आमचं उत्तर ठरलेलं: वर आणखी एक डांबरी थर.

एफडब्ल्यूडीत ३०० मिलिमीटरच्या तबकडीवर वजन पडतं आणि ओळीत मांडलेले जिओफोन, म्हणजे हालचाल टिपणारे संवेदक, खळगा टिपतात. तबकडीखालच्या आकड्यात सगळे थर मिसळलेले असतात. मीटरभर पलीकडचा आकडा मात्र बहुतेक मातीचाच. तबकडीखाली सारख्याच दबलेल्या दोन जागा घ्या. एकीचा खळगा अरुंद, तिथे वरचे थर खिळखिळे. दुसरीचा पसरट, तिथे रोग मातीत. बीमच्या हिशेबात दोघींना एकच औषध.

पण एफडब्ल्यूडीवाल्यांचा छापील अहवाल मी अजूनही डोळे झाकून घेत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:३७ च्या कोष्टकात व्हीजी-३० प्रतीच्या डांबराच्या मिश्रणाचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणा, २५ अंश सेल्सिअसला ३,००० मेगापास्कल आहे, ४० अंशांना १,२५०. म्हणजे सकाळचा भक्कम रस्ता दुपारी लेचापेचा ठरू शकतो. थरात भोक पाडून आतलं तापमान घेतलं नसेल, तर नुसता मॉड्युलस काय कामाचा? शिवाय खळग्यावरून मॉड्युलस काढणाऱ्या सॉफ्टवेअरला थरांची जाडी आपणच सांगायची असते. ती जुन्या कागदांवरून उचलली, की उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत चुकीचं येतं. त्यामुळे आकडे समोर आले की माझा पहिला प्रश्न असतो, खड्डा खणून जाडी मोजली का? यावरून बऱ्याच जणांना माझा राग येतो.