करझूच्या तळ्यावर

लेहच्या विमानतळावर सामानाची वाट पाहत होते. पट्ट्यावर सुटकेसमागून लांबलचक पिशव्यांत हॉकीच्या काठ्या आल्या. जानेवारीतल्या त्या विमानात पर्यटक जवळजवळ नव्हतेच. जवान होते, आणि सुट्टीला घरी निघालेली लडाखी मुलं. त्या मुलांना बर्फ गाठायचा होता. मलाही.

साडेतीन हजार मीटर उंचीवर श्वास जुळेपर्यंत घरमालकीणबाईंनी बाहेर पडू दिलं नाही. बुखारीच्या शेगडीजवळ बसवून लोणी-मिठाचा गुर-गुर चहा पाजत राहिल्या. मग एका रात्री लेहमधल्याच करझूच्या तळ्यावर गेले. कानटोप्या घातलेली माणसं गोठलेल्या तळ्यावर पाइपने पाणी सोडत होती. पाणी एकदम भरपूर सोडून चालत नाही. पातळ थर द्यायचा, तो गोठला की दुसरा. पारा शून्याखाली खूप उतरतो तेव्हाच हे काम होतं, म्हणून ते रात्रीचं. यंत्र नाही, छप्पर नाही. भारताच्या आइस हॉकी संघातले कितीतरी खेळाडू अशाच बर्फावर घडले आहेत.

सकाळी मुलींचा सराव होता. कडेच्या फळकुटावर पक, म्हणजे खेळाची चकती, आदळला की खाडकन आवाज यायचा आणि पाठोपाठ हसणं. लडाख स्काउट्सच्या जवानांनी सत्तरच्या दशकात इथे हा खेळ रुजवला. १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. महिला संघ मात्र २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. तोवर मुलींनी मुलांच्या खेळातून उरलेल्या वेळेत सराव केला होता. बर्फावरचा तासही त्यांना मागून घ्यावा लागे.

भारतीय महिलांचा पहिला विजय २०१७ मधला, फिलिपिन्सवर ४-३ असा, आणि तो बँकॉकमध्ये! उकाड्याच्या शहरात, छपराखालच्या बर्फावर. फिलिपिन्सच्या खेळाडूंनी बर्फ पाहिला तो मनिलाच्या मॉलमधला, पण तो वर्षभर मिळतो. हिमालयातल्या आमच्या मुलींना जेमतेम दोन-अडीच महिने. मला हे फार लागलं. थंडी निसर्ग देतो, पण बर्फ टिकवायला वीज लागते, आणि वीज म्हणजे पैसा. देहरादूनचं रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं आणि नंतर कित्येक वर्षं बंद पडून राहिलं. इतक्या मोठ्या देशाला एक रिंक चालवता येऊ नये? तरीही २०२५ मध्ये याच महिला संघाने संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनच्या वाळवंटी शहरात, आशिया चषकाचं कांस्यपदक मिळवलं. कौतुक करताना वर्षभराच्या आणि दोन-अडीच महिन्यांच्या बर्फाची तुलना विसरू नये असं मला वाटतं.

सराव संपल्यावर एक खेळाडू काठावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडत होती. धाकट्या मुली तिला ‘आचे-ले’, म्हणजे ताई, म्हणत; मीही तसंच म्हटलं. विचारलं, मार्चनंतर काय करता? “रस्त्यावर चाकांचे स्केट्स, दीदी. पण वळणं वेगळी पडतात. बर्फावर धार तिरकी लागते, डांबरावर ती सवय मोडते. डिसेंबरात पुन्हा पहिल्यापासून.”

तेवढ्यात पुरुष संघाची मुलं बर्फावर उतरू लागली. उठता उठता ती म्हणाली, “देहरादूनचं रिंक पुन्हा सुरू झालंय ना? मग शिबिर जुलैत घ्या, तिथे. आम्ही आपल्या पैशाने येऊ.”