गोठा तीन फूट पुढे होता

मार्च 2020 मध्ये पुण्यातल्या फ्लॅटला कुलूप लावून गावी आलो, तेव्हा बॅगेत लॅपटॉप आणि चार टी-शर्ट होते. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, असं वाटलं होतं. डिसेंबर आला तरी मी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या माळवदावर बसून, रेंज शोधत, ऑफिसच्या मीटिंगा करत होतो.

मग निवडणूक लागली. राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान 15 जानेवारी 2021 ला होतं, त्यात आमचीही होती. आमच्या आळीत गटार नाही. पावसाळ्यात सगळं पाणी शेवटच्या दोन घरांत शिरतं. त्यावर मी पारावर इतका बोलायचो, की एक दिवस मित्र वैतागून म्हणाला, "मग उभाच राहा की."

मी 24 वर्षांचा होतो. सदस्यपदासाठी 21 पूर्ण लागतात आणि नाव गावाच्या मतदार यादीत असावं लागतं. पुण्यात राहूनही आळसामुळे मी नाव हलवलं नव्हतं. आयुष्यात आळस एवढा कामाला आलेला दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

इंजिनिअर माणूस आधी काय करणार? एक्सेल शीट. आमची पंचायत नऊ सदस्यांची, तीन प्रभाग, प्रत्येकात तीन जागा. प्रभागाची यादी मी रात्रभर टाइप केली, वय आणि आडनावाप्रमाणे लावली, तरुणांना हिरवा रंग दिला. सकाळी आजीला दाखवली. ती म्हणाली, "ह्यात कोण कुणाशी बोलत न्हाई, ते कुठं लिवलंय?" तो कॉलम माझ्याकडे नव्हता.

कागद गोळा करणं त्यामानाने सोपं होतं. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, घरी शौचालय असल्याचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, 500 रुपये अनामत. मग अपात्रतेची कलमं वाचायला बसलो. बारा सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं नसावं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याखाली आणखी एक होतं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली असंही सांगितलंय की, अतिक्रमण वडिलांनी किंवा आज्याने केलेलं असलं तरी त्या जागेत राहणाऱ्या वारसाला हात झटकता येत नाहीत.

मी टेप घेऊन खाली उतरलो. आज्याने बांधलेला आमचा गोठा रस्त्यात तीन फूट पुढे होता.

दोनदा मंजूर झालेली गटार जागा नाही म्हणून परत गेली होती. जागा का नव्हती? कारण आळीतला प्रत्येक ओटा, प्रत्येक पायरी थोडी थोडी पुढे आली होती. ज्या गटारीवर मी वर्षभर भाषणं देत होतो, तिच्या जागेवर आमचीच गाय बांधलेली होती.

आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुला मत कोण देतंय का न्हाई, पत्त्या न्हाई. आन् माझा गोठा पाडतूस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. न पाडताही चाललं असतं कदाचित. कुणी हरकत घेतलीच नसती, कारण हरकत घेणाऱ्याचाही ओटा पुढेच होता. त्या रात्री आम्ही दोघे एकमेकांशी न बोलता जेवलो. सकाळी उठलो तर आप्पा गोठ्याचे पत्रे उतरवत होते. मीही फावडं घेतलं.

वाटलं होतं, गावात आता आपली हवा होणार. झालं उलटंच. छाननी झाली, चिन्ह मिळालं कपबशी. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे कपबशी, छत्री, नारळ असलीच चिन्हं घेऊन लोक भावकीच्या लढाया लढतात. मी घरोघर फिरायला लागलो. लोक चहा द्यायचे, पण काहीतरी अडत होतं. शेवटी समोरच्या काकी बोलल्या, "तू स्वतःचा गोठा पाडलास, बाबा. निवडून आल्यावर आमचा ओटा ठेवशील का?"

मी म्हणालो, "काकी, गटार करायची तर थोडं मागं सरावं लागंल सगळ्यांनाच."

काकींनी कप उचलले आणि आत गेल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी संक्रांत होती. प्रचार थांबला होता, पण तिळगूळ द्यायला कुणाची बंदी? सगळे उमेदवार गोड बोलत फिरले. मीही फिरलो. पाकिटंही फिरली, असं नंतर ऐकलं. आमच्या आळीत त्यांची गरजही नसावी.

अठरा तारखेला तालुक्याला मोजणी झाली. मी 23 मतांनी पडलो. आडनावं माहीत असल्याने आळीतली किती मतं गेली, याचा अंदाज एक्सेलशिवायही आला.

हरलेल्यालाही निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. तो दिला नाही, तर पुढे निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात. आमच्याकडे मर्यादा 25,000 होती, माझे 11,400 झाले: पत्रकं, पेट्रोल, चहा. गोठ्याचं काय लिहायचं, असा प्रश्न पडला. शेवटी लिहिलं नाही.

तुमच्यापैकी कुणी उभं राहायचं म्हणत असेल, तर माझा एवढाच सल्ला आहे: यादी आणि कलमं आधी वाचा, आणि टेप घेऊन पहिल्यांदा स्वतःच्या दारात जा. जिंकाल याची खात्री नाही. पण समोरच्याला काही मागताना मान खाली घालावी लागत नाही.

गटार अजून झालेली नाही. मी पुण्याला परतलो, मतदार यादीतलं नाव मात्र हलवलं नाही. आता आळस म्हणून नाही. आमच्या दारात तीन फूट जागा रिकामी आहे आणि आप्पा तिथे कुणालाही मोटारसायकल लावू देत नाहीत.

"गटारीची जागा हाय ती," म्हणतात.